भिंतीवरचीं वर्तुळें

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून थोडें चाललें कीं नया नगर लागतें. एके काळीं मिठागरें आणि शेतें यांचा असलेल्या ह्या टापूंत १९८० च्या आगेंमागें ही वसाहत उभी राहूं लागली, आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या निरनिराळ्या वस्त्यांतून पुष्कळ मुसलमान कुटुंबें आसरा शोधीत येथें आलीं. आज येथें इमारतीला इमारत लागून आहे, आणि इमारतींच्या जिन्यांपाशीं पाट्या आहेत: खोलीचा आंकडा व त्यापुढें कर्त्या माणसाचें नांव. टपालवाल्याला आणि पाहुण्याला ती पाटी उपयोगी पडते. तींत कोणाला कांहीं गैर वाटत नाहीं. आम्हांसहि वाटलें नव्हतें. पण गेल्या पावसाळ्यांत तेथील एका दवाखान्यांत जें पाहिलें, त्यानंतर त्या पाट्या आम्ही निराळ्या नजरेनें वाचूं लागलों.

एका स्नेह्याच्या सोबतीस म्हणून आम्ही त्या दवाखान्यांत बसलों होतों. खिडकीशीं बसलेल्या मदतनिसानें कागदांचा गठ्ठा चाळीत मोठ्यानें एक नांव घेतलें, मग इमारतीचें नांव घेतलें, आणि थुंकीचा रिपोर्ट आला आहे असें पुकारलें. विशीच्या आंतबाहेरची एक मुलगी उठली. तिच्याबरोबर तिची आई उठली. बाकावरचें कोणीहि कांहीं बोललें नाहीं. कागद घेऊन दोघी दारापर्यंत गेल्या, आणि तेथून आई माघारी आली व बाकावरच्या एका बाईला सांगूं लागली, कीं साधा खोकला आहे, डॉक्टरांनीं उगीच तपासायला लावलें. न विचारलेल्या प्रश्नाचें तें उत्तर होतें. मुलीचें लग्न व्हावयाचें असलें पाहिजे.

त्या मदतनिसास दुष्ट म्हणतां यावयाचें नाहीं. त्याच्या हातांत गठ्ठा होता आणि समोर गर्दी होती. वैद्यानें रोग्याच्या घरीं जें पाहिलें तें बाहेर बोलूं नये हा दंडक मात्र फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत गुरु शिष्यास जो उपदेश करतो, त्यांत रोग्याच्या कुळांतील गोष्टी बाहेर फोडूं नयेत असें स्पष्ट बजावलेलें आहे. ग्रीकांच्या हिप्पोक्रातीसाच्या नांवानें चालत आलेल्या शपथेंतहि तेंच वचन आहे. परंतु ह्या दोन्ही ठिकाणीं वैद्य एकटा आणि रोगी एकटा. मध्यें नोंदवही नाहीं. नोंदवही आली कीं गुपित वैद्याच्या जिभेवर राहत नाहीं. तें कागदावर उतरतें, आणि कागदाला पाय फुटतात. हा प्रश्न संगणकानें व मोबाईलनें निर्माण केला, असें हल्लीं समजलें जातें. मुंबईनें तो सव्वाशें वर्षांपूर्वीं भोगलेला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवीच्या वखारींच्या वस्तींत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं गांठीच्या प्लेगचें निदान केलें. ६ ऑक्टोबरास म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं जाहीरनामा काढून, रोग्यास लागल्यास बळानें इस्पितळांत हलविण्याचा अधिकार हातीं घेतला. महिना उलटण्याच्या आंतच, २९ ऑक्टोबरास, हजारभर गिरणी-कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, आणि जाहीरनामा लागलीच सौम्य करावा लागला. पण ही माघार फार टिकली नाहीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघीं चार कलमें! अमलदारानें काय करावें याला त्यांत जवळजवळ मर्यादा नव्हती. आणि रोग्याविषयीं कळलेल्या माहितीचें काय करूं नये, याविषयीं एक अक्षरहि नव्हतें. मार्चांत ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबईची प्लेग-समिति नेमली गेली आणि घरझडत्यांस जोर चढला.

त्या दिवसांचीं छायाचित्रें आजहि पाहावयास मिळतात. चाळीच्या दर्शनी भिंतीवर रंगानें वर्तुळें काढलेलीं दिसतात. एक वर्तुळ म्हणजे त्या घरांतील प्लेगचा एक बळी. जीं घरें राहण्यास नालायक ठरलीं, त्यांवर 'यू. एच. एच.' हीं अक्षरें रंगविलीं जात. मनुष्यवस्तीस अयोग्य, ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं तीं आद्याक्षरें. वर्तुळाजवळ मृताचें नांव लिहीत नसत. ही बारीक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें आम्हांस तिच्याकडे परत यावयाचें आहे. नांव लिहिण्याची गरजच नव्हती. त्या घरांत कोण राहतें, कोणाचा मुलगा चार दिवस दिसला नाहीं, कोणाच्या दारीं तिरडी बांधली गेली, हें सारी गल्ली जाणत होती. सरकारनें फक्त वर्तुळ काढलें. नांव शेजाऱ्यांनीं भरलें.

मग लोकांनीं काय केलें? जें कोणीहि करील तेंच. रोगी माळ्यावर, कोठीच्या खोलींत, बिछान्यांच्या गठ्ठ्याआड लपविले. मृत्यूचें कारण दुसरेंच सांगितलें. मुंबईच्या त्या वर्षांच्या मृत्युनोंदींत प्लेगचा रकाना जसा फुगलेला आहे, तसेच साध्या तापाचे व छातीच्या विकारांचे रकानेहि फुगलेले आहेत, आणि ते खरे कशाचे मृत्यु आहेत हें अधिकाऱ्यांनाहि उमगत होतें. शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती गांवोगांव पळाली आणि आपल्याबरोबर रोगहि घेऊन गेली. रोग शोधण्यासाठीं जी नोंद करावयाची, तिच्या धास्तीनेंच रोग दडवला गेला. हा व्यवहार सरकारच्या दृष्टीनेंहि आंतबट्ट्याचा होता.

पुण्यांत रँडसाहेबांच्या हाताखालीं गोऱ्या सोल्जरांनीं देवघरांपासून माजघरांपर्यंत काय केलें, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचा शेवट कसा झाला, हें मराठी वाचकास सांगावयास नको. त्या प्रकरणाची एक बाजू मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवितो. गोपाळराव गोखले तेव्हां विलायतेंत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरंवशावर त्यांनीं सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथें जाहीरपणें केला. परत आल्यावर त्यांजकडे पुरावा मागण्यांत आला. पुरावा द्यावयाचा म्हणजे लिहिणाराचें नांव द्यावयाचें, आणि ज्या स्त्रियांविषयीं लिहिलें होतें त्यांचीं घरें उघडीं करावयाचीं. गोपाळरावांनीं बिनशर्त माफी मागितली, पत्रें पाठविणारांचीं नांवें मात्र सांगितलीं नाहींत. त्या माफीबद्दल त्यांस आपल्याच लोकांकडून पुष्कळ सोसावें लागलें. आमच्या मतें त्या दिवशीं त्यांनीं जें झांकून ठेवलें, त्याचें मोल त्यांनीं जें गमावलें त्याहून कमी नव्हतें.

पुढल्या वर्षीं, ९ मार्च १८९८ रोजीं, मुंबईंत मदनपुऱ्याच्या जुलाह्यांच्या वस्तींत प्लेगचें पथक एका विणकराच्या घरीं पोंचलें. घरांत बारा वर्षांची मुलगी तापानें पडली होती. पथकाला ती इस्पितळांत हलवावयाची होती; घरच्यांना परक्या पुरुषांनीं तिला पाहणें किंवा हात लावणें मान्य नव्हतें. बोलाचालीवरून गर्दी जमली, गर्दीवर गोळीबार झाला, माणसें मेलीं, आणि दंगा मोहल्ल्यामोहल्ल्यांतून पसरला. एका मुलीच्या तापाची खबर दाराबाहेर गेली, आणि तिच्यापायीं शहर पेटलें.

आम्हांस त्या काळच्या अमलदारांस निव्वळ खलपुरुष ठरवावयाचें नाहीं. साथ खोटी नव्हती. पुढल्या तीसेक वर्षांत हिंदुस्थानांत प्लेगनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. कोठें कोण आजारी आहे हें सरकारास कळणें अगत्याचेंच होतें. पण तें कसें कळतें, याचाहि धडा ह्याच साथीनें दिला. निरनिराळ्या जातींनीं व जमातींनीं आपापलीं प्लेगचीं इस्पितळें काढलीं, तेव्हां तेथें लोक आपण होऊन रोगी आणूं लागले. कारण तेथें रोग्याच्या उशाशीं बसणारें माणूस घरचें, निदान ओळखीचें, असे. पुण्यांत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतांच १० मार्च १८९७ रोजीं प्लेगनें वारल्या. त्यांच्याकडे रोगी न्यावयास शिपायाची गरज लागली नाहीं. सक्तीनें हातीं लागलें नाहीं तें विश्वासानें लागलें, हें ओळखून शतक संपण्याच्या सुमारास सरकारनेंहि झडत्यांचा जाच बराच सैल केला.

मध्यें नव्वद वर्षें गेलीं, राज्य आपलें झालें, आणि तीच गोष्ट गोव्यांत पुन्हां घडली. १९८९ च्या फेब्रुवारींत डॉमिनिक डिसोझा ह्या नियमानें रक्तदान करणाऱ्या तरुणास पोलिसांनीं कारण न सांगतां बोलावून नेलें. त्यानें दिलेल्या रक्तांत एच. आय. व्ही. सांपडला होता; ही बातमी त्याच्या आधीं पोलिसांस कळली होती. गोव्याच्या कायद्यान्वयें त्याला चौसष्ट दिवस एकांतांत डांबण्यांत आलें. त्याच्या आईनें मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली, पण न्यायालयानें कायदा मुख्यतः उचलूनच धरला. रक्तदान करावयास गेलेला मनुष्य कैदी होऊन बसतो हें ज्या गांवानें पाहिलें, त्या गांवांत पुढें तपासणीस कोण धजेल? १९९२ मध्यें डॉमिनिक वारला, पण त्याच वर्षीं ह्या रोगाच्या माणसांसाठीं एक संस्था उभी करून गेला.

१९९७ मध्यें मुंबई उच्च न्यायालयासमोर असाच दुसरा एक मनुष्य आला: रोजंदारीवरचा कामगार, अंगानें कामास धड, पण एच. आय. व्ही. आहे म्हणून कामावरून काढलेला. त्याची अडचण विलक्षण होती. न्याय मागावयाचा तर फिर्यादींत नांव घालावें लागणार. नांव घातलें तर ज्या गोष्टीनें नोकरी गेली ती गोष्ट चव्हाट्यावर येणार. न्यायालयानें त्याला नांवावांचून उभें राहूं दिलें. तो खटला कायद्याच्या ग्रंथांत 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' ह्या नांवानें नोंदलेला आहे. वादी कोण आणि त्याला काढणारी संस्था कोण, हें त्यावरून कळत नाहीं. तो खटला जिंकला. वीस वर्षांनीं, २०१७ मध्यें, संसदेनें एच. आय. व्ही. विषयीं जो कायदा केला, त्यांत रोग्याच्या संमतीवांचून त्याची माहिती बाहेर देण्यास बंदी आहे, आणि न्यायालयांत टोपणनांवानें उभें राहण्याची सोयहि आहे. त्याच वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं, निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या प्रकरणांत, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें एकमतानें ठरविलें.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं मग उपाय सोपा आहे: नांव खोडावें म्हणजे झालें. आतां त्या भिंतीवरच्या वर्तुळाकडे परत यावयास हवें.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें नव्वद सालानंतरच्या दशकांत सरकारी नोकरांच्या आजारांच्या नोंदी, नांवें व पत्ते काढून, अभ्यासकांस खुल्या केल्या. कोणाचीहि ओळख पटणार नाहीं, अशी गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनीं ग्वाही दिली. लटान्या स्वीनी नांवाच्या विद्यार्थिनीनें वीस डॉलर खर्चून गव्हर्नरांच्या गांवची मतदारयादी विकत घेतली. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले त्या गांवांत सहाजण होते. त्यांत पुरुष तीन. आणि गव्हर्नरांच्या टपाल-विभागांत राहणारा एकच. गव्हर्नरांचा आजार, त्यांचीं औषधें, सारें तिच्या हातीं लागलें. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा संकेतांक एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेंतील शंभरांतले सत्त्याऐंशी लोक ओळखतां येतील असा हिशेब तिनें पुढें मांडला. दुसऱ्या एका अभ्यासकानें तो आंकडा त्रेसष्टांवर आणला. त्रेसष्ट म्हणजे तरी थोडे काय!

आपल्याकडे ह्या बाबतींत शाळामास्तरांनीं नकळत एक उपकार करून ठेविला आहे. गेल्या पिढीतल्या असंख्य मुलांचे जन्म त्यांनीं सरसकट १ जूनला घडवून आणले, त्यामुळें ती तारीख असलेला मनुष्य हजारोंच्या मेळ्यांत हरवून जातो. विनोद बाजूला ठेवला, तरी स्वीनी व सामाराती ह्या दोघींनीं पुढें जी युक्ति सुचविली ती थोडीफार हीच आहे. जन्मतारखेऐवजीं वयाचा गट द्यावा, संकेतांकाचे शेवटचे आंकडे गाळावे, आणि एकेका नोंदीसारख्या निदान पांच किंवा दहा नोंदी असतील असें करावें. मीरा रोडचा ४०११०७ हा संकेतांक मोठ्या वस्तीचा आहे. पण त्यापुढें इमारतीचें नांव लिहिलें, कीं जिन्यापाशींची ती पाटी उरलेलें काम करते.

ह्या युक्तीलाहि एक भोंक आहे, आणि तें आमच्या विषयाच्या अगदीं गाभ्याशीं आहे. कॉर्नेल विद्यापीठांतील अभ्यासकांनीं २००६ मध्यें दाखवून दिलें, कीं दहाजण एकसारखे दिसत असले आणि दहांचाहि रोग एकच असला, तर त्यांतला नेमका कोण हें न कळूनहि सर्वांचें गुपित फुटतें. म्हणजे व्यक्ति झांकली, तरी समूह उघडा पडतो. मार्च २०२० मध्यें दिल्लींत निजामुद्दीन येथें तबलीगी जमातीचें संमेलन झालें आणि तेथून कांहींजण कोरोना घेऊन परतले. दिल्लीच्या रोजच्या सरकारी पत्रकांत त्या मरकजच्या रोग्यांसाठीं कांहीं दिवस स्वतंत्र रकाना होता. त्या रकान्यांतहि कोणाचें नांव नव्हतें! पण तें वर्तुळ एका घराभोंवतीं नव्हे, एका अख्ख्या समाजाभोंवतीं काढलेलें होतें, आणि नया नगरासारख्या वस्तीवर त्याची छाया पडली नसती तरच नवल. २१ ऑगस्ट २०२० रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द करतांना, त्यांस बळीचे बकरे बनविण्यांत आलें असें म्हटलें. तोंवर पांच महिने होऊन गेले होते.

१८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला होता. परदेशाहून येणारांच्या डाव्या हातावर, मतदानाच्या शाईनें, घरांतच राहण्याचा शिक्का मारला जाऊं लागला. १८ मार्चला जर्मनीहून आलेले असे चार उतारू मुंबईहून सुरतेस निघाले. गाडींत त्यांचे शिक्के दिसले आणि त्यांस पालघरला उतरविण्यांत आलें. येथें शिक्क्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तो ठराविक दिवसांसाठीं होता, शाई उडून गेली, आणि हात पुन्हां हातासारखा झाला. दारावर चिकटवलेला कागद व व्हॉट्सॲपवर फिरलेली यादी यांचें तसें नाहीं. रोग्यांच्या घरांवर असे कागद सरसकट लावूं नयेत असें सर्वोच्च न्यायालयानें ९ डिसेंबर २०२० रोजीं सांगितलें. म्हणजे पहिली लाट ओसरल्यावर.

संसर्गाचा माग काढतांना आणखी एक गोष्ट गोळा होते, तिच्याकडे लोकांचें लक्ष सहसा जात नाहीं. कोण कोणाला भेटला, कोणाच्या घरीं जेवला, रात्रीं कोठें राहिला, ह्याचें जाळें रोग्याला विचारून उभें करावें लागतें. रोग एका माणसाचा असतो, पण हें जाळें विसांचें असतें, आणि त्या विसांना कोणी विचारलेलें नसतें. समाजमाध्यमांवर असें जाळें आपण स्वखुषीनें विणतों. २००९ मध्यें अरविंद नारायणन व विताली श्मातिकोव्ह यांनीं ट्विटर व फ्लिकर यांवरील ओळखींचीं जाळीं, नांवें काढलेलीं असतांहि, एकमेकांवर ठेवून पाहिलीं. दोन्हींकडे खातें असलेल्यांपैकीं एकतृतीयांश माणसें त्यांना केवळ ओळखींच्या घडणीवरून ओळखतां आलीं. चूक शंभरांत बारांची. आपल्या लग्नघरांत आहेराच्या वहीवरून नांवें खोडलीं, तरी कोण कोणाच्या खालोखाल लिहिला आहे एवढ्यावरून घरची वडील बाई सगळे पाहुणे सांगेल, तसाच हा प्रकार आहे.

२०२३ मध्यें संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यांत साथीच्या काळांतील उपचारांसाठीं संमतीवांचून माहिती वापरण्यास वाट ठेवलेली आहे, व सरकारी यंत्रणांस सूट देण्याचीहि सोय आहे. साथींत अशी वाट लागते हें आम्ही नाकारीत नाहीं. पण १८९७ चा इतिहास वाचलेल्या माणसास त्या वाटेवर एखादा दिवा असावासा वाटतो.

त्या दवाखान्यांतील मुलीचा रिपोर्ट क्षयाचा असेल, तर तिचें नांव आजहि सरकारी नोंदींत गेलें असणार. ७ मे २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारास कळविणें बंधनकारक आहे, आणि २०१८ च्या मार्चापासून न कळविणाऱ्या डॉक्टरास शिक्षेची भीति आहे. ही नोंद आम्हांस नको आहे असें नव्हे. तिच्यामुळेंच औषधें फुकट मिळतात. एप्रिल २०१८ पासून रोग्याच्या बँक-खात्यांत पोषणासाठीं महिन्याला ५०० रुपये जमा होऊं लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पण त्यासाठीं नांव, पत्ता आणि खातें द्यावें लागतें. आणि पत्ता खोटा दिला, तर उपचार अर्ध्यावर सुटलेल्या रोग्यास पुन्हां गांठतां येत नाहीं. खरा पत्ता द्यावा असें त्या मुलीच्या आईस कशानें वाटेल, एवढाच काय तो प्रश्न.

त्यानंतर आठवड्याभरानें त्याच स्नेह्याच्या इमारतींत आम्ही जिना चढत होतों. पुढें एक आरोग्यसेविका चढत होती. आमच्या स्नेह्यानें तिला ओळखलें, एरवीं ती कोण हें कळण्यासारखें कांहीं तिच्या अंगावर नव्हतें. खांद्याला साधी कापडी पिशवी. तिसऱ्या मजल्यावर तिनें एक घंटी वाजवली. समोरच्या दारांत शेजारीण भाजी निवडीत बसली होती. दार उघडलें तशी सेविका मोठ्यानें म्हणाली, “खाला, शिवायला टाकलेले कपडे झाले का?” आंतली बाई क्षणभर गोंधळली, मग बाजूला सरली, आणि सेविकेला आंत घेऊन तिनें दार लावून घेतलें.